बंद पाकिटावरची सही

"तू जळतेस माझ्यावर!"

धाकटीच्या तोंडून ते शब्द बाहेर पडले. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या असलेल्या ताईचा हात भांड्यावरच थबकला... आई गेल्यावर जिला तिनं न्हाऊमाखू घातलं, जिचं कॉलेज पुरं व्हावं म्हणून स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर टाकून कोर्टात कारकुनी धरली, ती पोरगी आज हे बोलत होती!

"चिमे, मी एवढंच म्हणतेय, या माणसाशी लग्न करू नकोस."

"का पण? एक कारण सांग!"

ताई पुन्हा भांडं घासू लागली.

"नाही ना सांगता येत? मग मी सांगते. स्थळ तुझ्यासाठी आलं होतं आणि त्यानं पसंत केलं मला. तेच खुपतंय तुला!"

दुसऱ्या दिवशी धाकटी दोन बॅगा घेऊन गेली, ती अकरा वर्षं त्या दाराशी फिरकली नाही.

कारण होतं. ताईच्या काळजात ते निखाऱ्यासारखं जळत होतं! ती कौटुंबिक कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये काम करायची. त्या भांडणाच्या वर्षभर आधी एक प्रकरण न्यायाधीशांच्या हुकमानं पाकिटात बंद झालं होतं. नवऱ्यानं मारून मारून हाडं मोडलेली एक गरोदर बाई, घटस्फोट, आणि तिचा नवा पत्ता कुणालाही कळता कामा नये अशी सक्त ताकीद. ते पाकीट ताईनं स्वतः लाखेनं बंद केलं होतं, त्यावर सही केली होती. त्या कागदांतला नवरा एके दिवशी तिच्याच घरी, तिलाच बघायला, हसत हसत खुर्चीवर येऊन बसला... पहिल्या लग्नाबद्दल चकार शब्द न काढता!

ती धावत, छळ झालेल्या बायकांसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकारी बाईंकडे गेली होती. त्यांनी त्या पहिल्या बायकोला फोन लावला. पलीकडून हुंदके ऐकू आले. "सांगू नका हो... त्याला तासाभरात कळेल बातमी कुठून फुटली. तो मला शोधतोय अजून. माझं बाळ सहा महिन्यांचं आहे..."

आणि धाकटीच्या तोंडात तर तीळ भिजत नसे. ऐकल्या ऐकल्या ती त्यालाच जाऊन जाब विचारणार, हे ताईला पुरतं ठाऊक होतं. एका अनोळखी बाईचा जीव आणि आपल्या बहिणीचा संसार... कुठलं ताजवं हे तोलणार होतं? ताई गप्प राहिली. देवासमोरही तिनं या गप्प राहण्याचं कधी समर्थन केलं नाही.

पुढे तिची बदली मदत कक्षात झाली. कोर्टात येणाऱ्या गोंधळलेल्या माणसांना कुठला अर्ज, कुठली खिडकी, कुठला मजला हे सांगायचं काम. कुणाची सासू भांडकुदळ, कुणाचा मुलगा बेपत्ता, कुणी नुसतंच रडायला आलेलं. टेबलावर पाण्याचा जग आणि रुमालांचं खोकं ती स्वतःहून ठेवायची. "तुमच्याकडे आलं की अर्धी केस जिंकल्यासारखं वाटतं," असं एक म्हातारे वकील थट्टेनं म्हणत.

त्या सोमवारी टोकन नंबर एकतीस पुकारला गेला. चेहऱ्याला घट्ट स्कार्फ गुंडाळलेली एक बाई खिडकीशी आली.

"बसा. काय झालं?" ताईनं कागद पुढे ओढत विचारलं.

बाईनं स्कार्फ सोडला... आणि ताईच्या हातातलं पेन गळून पडलं!

डावा डोळा पूर्ण मिटलेला. ओठ फाटलेला. हनुवटीवर जुना, पिवळा पडलेला वळ. आणि त्या सगळ्या विद्रूपतेच्या आडून बघणारी तिची चिमी!

"या खिडकीत तू असशील हे माहीत नव्हतं मला," धाकटी कशीबशी म्हणाली. "दुसरी खिडकी आहे का?"

ताईला खिडकी फोडून पलीकडे जावंसं वाटलं. पण अकरा वर्षांचं अंतर त्या काचेहून जाड होतं. ती उठली, शेजारच्या सहकारी बाईला म्हणाली, "ही माझी सख्खी बहीण आहे. हिचा अर्ज मी घेऊ शकत नाही. तुम्ही घ्या... आणि आजच्या आज न्यायाधीशांपुढे न्या." मग मागच्या जिन्यात जाऊन ती तोंडात पदर कोंबून रडली.

दुपारी धाकटीला मोफत मदत देणारी वकील मिळाली. त्याच जुन्या संरक्षण अधिकारी बाईंनी दवाखान्यातून जखमांचा दाखला आणला, महिला आश्रयगृहात जागा करून दिली. गुरुवारी तातडीची सुनावणी लागली.

ताई मागच्या बाकावर बसली होती. नवरा इस्त्रीच्या शर्टात, नम्रतेचा पुतळा होऊन उभा. त्याचा वकील उठला.

"महाराज, माझ्या अशिलाचं हे पहिलंच लग्न. कधी कुणाची तक्रार नाही. खरा डाव वेगळाच आहे. अर्जदाराची मोठी बहीण याच कोर्टात नोकरीला आहे. तिला माझ्या अशिलाशी लग्न करायचं होतं. सूड म्हणून तिनंच हा बनाव रचलाय!"

सगळ्या माना मागे वळल्या. आणि धाकटी... धाकटीही वळून बघत होती. तिच्या एका उघड्या डोळ्यात संशय नव्हता, लाज होती. कारण ते वाक्य मुळात तिचंच होतं!

तेवढ्यात तिची वकील शांतपणे म्हणाली, "पहिलंच लग्न? महाराज, बारा वर्षांपूर्वीचं एक बंद प्रकरण उघडण्याची परवानगी हवी. त्यातल्या महिलेची लेखी संमती आहे. ती स्वतः बाहेर थांबली आहे."

ताई ताडकन उभी राहिली. हे तिलाही ठाऊक नव्हतं! संरक्षण अधिकारी बाईंनी तिला न सांगता त्याच्या पहिल्या बायकोला गाठलं होतं.

लाख फुटली. न्यायाधीशांनी कागद चाळले, नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचा चेहरा कागदासारखा पांढराफटक पडला. मग त्यांनी रीतसर तारीख वाचली, आणि पाकीट बंद करणाऱ्या कारकुनाचं नाव.

ते नाव ताईचं होतं.

क्षणभर धाकटीला काही उमगलंच नाही. मग तिच्या घशातून असा आवाज निघाला की दारातला शिपाईदेखील दचकला.

"तुला माहीत होतं?... माझ्या लग्नाच्या आधीपासून माहीत होतं?"

"हो," ताई म्हणाली.

न्यायाधीशांनी तासाभरात आदेश दिला. नवऱ्यानं ती राहील त्या घरात पाऊल टाकायचं नाही, तिच्याजवळ फिरकायचं नाही, फोन करायचा नाही. तिचं सामान आणताना पोलीस सोबत राहतील. धाकटीनं तो ऐकला की नाही कोण जाणे! बाहेरच्या व्हरांड्यात तिनं ताईला गाठलं.

"अकरा वर्षं मी मार खाल्ला, आणि तू पाकीट सांभाळत बसलीस? एका शब्दाचं तर काम होतं गं!"

"ओरड माझ्यावर," ताई पुटपुटली. "मला काही म्हणायचं नाही."

"त्या नाही म्हणणार. मी म्हणते."

मागे एक सडपातळ बाई उभी होती. तिचा उजवा हात कोपरात किंचित वाकडा होता. "त्यांनी तो एक शब्द उच्चारला असता, तर तो मला आणि माझ्या तान्ह्या बाळाला शोधत दारात आला असता. मीच त्यांचे पाय धरले होते फोनवर... तुमचं वाटोळं माझ्यामुळे झालं, ताईंमुळे नाही. परवा तुमच्याबद्दल कळलं आणि घरात बसवेना मला."

धाकटी बघतच राहिली. त्या वाकड्या हाताकडे, मग स्वतःच्या मनगटावरच्या वळांकडे.

"तेव्हा तुम्हाला बाळ होतं?"

"मुलगी. आता बारावं लागलंय. सहावीत आहे... पोहायला शिकतेय."

"पोहायला," धाकटी नुसतीच म्हणाली आणि मटकन खाली फरशीवर बसली. ती बाईही तिच्याजवळ बसली. दोघी एकमेकींचे हात धरून ढसाढसा रडल्या. आणि ताई भिंतीला टेकून उभी राहिली, त्या दु:खात आपल्याला जागा आहे की नाही हे न कळून.

बऱ्याच वेळानं व्हरांडा रिकामा झाला. ती बाई मुलीची शाळा सुटायच्या आत पोचायला हवं म्हणून निघून गेली. धाकटीनं डोळे पुसले, आदेशाच्या कागदाची घडी घातली.

"मला कळलं सगळं," ती म्हणाली. "पण राग गेलेला नाही माझा. एवढ्यात जाणारही नाही."

"राहू दे," ताईनं हात पुढे केला. "रागासकट घरी चल."

धाकटीनं त्या हाताकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग ती त्याचा आधार घेऊन उठली.