न धुतलेला ढीग

दार वाजलं तेव्हा ती मावशीच्या पलंगाच्या कडेला बसली होती आणि मांडीवर टाचण्यांचा डबा होता. टाचण्या ठेवायच्या की देऊन टाकायच्या, या एका प्रश्नात तिची सबंध दुपार खर्ची पडली होती. आता दमणूक अशी, की दार उघडायला उठायचं म्हणजे आधी पायांची समजूत काढावी लागली.

दारात एक उंच माणूस उभा होता. खांद्यावर दोराचं वेटोळं, कपाळावर घाम, आणि श्वास असा लागलेला की बोलायच्या आधी त्याने चौकटीला धरून घेतलं. त्यात त्याचा दोष नव्हता. त्या इमारतीचा जिनाच असा होता, की पाहुण्याने खालून हाक मारावी, घरच्यांनी चहा टाकावा, प्यावा, कप विसळून पालथे घालावेत, तेव्हा कुठे पाहुण्याचं डोकं कठड्याशी दिसायचं.

"कपाट..." तो म्हणाला. "कपाट न्यायला आलोय."

"कुठलं कपाट?"

"लाकडी. आरशाचं. चौथा मजला."

"हा तिसरा."

"तिसराच?" त्याने हे इतक्या कळवळून विचारलं, की तिला हसू फुटलं. मावशी गेल्यापासूनचं पहिलंच. फुटलं आणि लगेच ओशाळलं... रिकाम्या पलंगाकडे तिने चोरून पाहिलंसुद्धा.

"बसा जरा," ती म्हणाली. "पाणी देते. नाहीतर चौथ्यावरून तुम्हालाच खाली न्यावं लागेल, कपाट राहील तिथेच."

तो बसला. दोन तांबे पाणी प्यायला. मग इकडेतिकडे बघताना त्याच्या लक्षात आलं, की या घरात कुणीतरी कमी झालंय. ज्या घरातलं माणूस जातं तिथल्या कपाटांची दारं धड उघडी नसतात, धड मिटलेली नसतात. जुन्या कपड्यांचं आणि सामानाचं दुकान चालवणाऱ्याला हे पाहून पाहून ठाऊक झालेलं होतं.

"कोण होतं?" त्याने हळूच विचारलं.

"मावशी. तिनेच वाढवलं मला. नाटकवाल्यांचे कपडे शिवायची." ती थांबली. "मामा म्हणतो, महिनाअखेर खोल्या रिकाम्या कर. घरमालक रोज मामाला फोन करतो, मामा रोज मला करतो. मी कुणाला करू?"

"मला करा," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. "म्हणजे... सामान न्यायला. तोच धंदा आहे माझा."

आता एवढं बोलून माणसाने सरळ चौथ्या मजल्यावर जावं. पण तो दारापर्यंत गेला, वळला, म्हणाला, "पाणी छान होतं." पाणी नळाचं होतं.

ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या जबड्यात वाकून उभं राहायचं, संध्याकाळी इथे येऊन मावशीच्या कपाटात वाकायचं. पाठीला सरळ व्हायची सवयच राहिली नव्हती. तरी जे द्यायचं ते तिने नीट दिलं. एकेक झगा, एकेक परकर, चादरी, पडदे, सगळं धुतलं, वाळवलं, कडक इस्त्री केली, खोक्यांत भरलं, खोकी दोरीने बांधली. मावशीचा कपडा परक्या घरी मळका गेला असता तर मावशी वरून खाली आली असती, आणि तो जिना बघता चिडूनच आली असती.

जे ठेवायचं, त्याला मात्र तिने हातही लावला नाही. ते खुर्चीवर पडलं होतं तसंच पडू दिलं. कोपरांवर विरलेला हिरवा स्वेटर, एक मफलर, उशीचा अभ्रा. कारण त्यांत मावशीचा वास होता. हा वास साधासुधा नव्हता. शिलाईमशीनचं तेल, शिंप्याचा खडू, नीलगिरी, गरम इस्त्रीची वाफ, आणि आणखी काहीतरी, ज्याला नाव नाही. मावशीच्या आधी तो खोलीत शिरायचा आणि ती निघून गेल्यावर मागे राहून दिवा मालवायचा. एकदा म्हणे नाटकाच्या प्रयोगात राजाने मावशीने शिवलेला अंगरखा घालून प्रवेश केला, तर पहिल्या रांगेतल्या बाईने हात जोडून विचारलं, "माझी चोळी झाली का हो?"

दोन दिवसांनी सकाळी दुकानदार गाडी घेऊन आला. ती दवाखान्याला निघाली होती. एका आजोबांचा गाल सुजला होता, फोनवर फोन चालले होते.

"एवढं न्यायचं, तेवढं ठेवायचं," तिने घाईघाईत सांगितलं. "कळेलच तुम्हाला बघून."

"कळलं," तो म्हणाला.

आणि खरंच दोघांनाही वाटत होतं, की यात न कळण्यासारखं काय आहे! इतक्या वर्षांत त्याने जेवढी घरं रिकामी केली तेवढ्यांत एकच रीत पाहिली होती. लोक जपायचं ते धुऊन बांधून ठेवतात, आणि नको ते खुर्चीवर चुरगळून टाकतात. त्याने ती बांधलेली खोकी पाहिली, त्यांच्या गाठी पाहिल्या, आणि त्याचा जीव हळहळला. बिचारीला काहीच सोडवत नाहीये... मग त्याने खुर्चीवरचा ढीग पिशवीत घातला, दार ओढून घेतलं आणि एवढीशी पिशवी घेऊन एवढा मोठा जिना उतरला.

संध्याकाळी तिने दार उघडलं. खोकी जागच्या जागी. खुर्ची रिकामी.

दुकानापर्यंत ती कशी गेली ते तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. रस्त्यातल्या एका सायकलवाल्याचं मात्र म्हणणं होतं, की बाई शेजारून गेल्या आणि त्याची घंटी आपोआप वाजली.

दुकानाचा एक कायदा होता. बाहेरून आलेला कपडा आधी धुलाईच्या मशीनमध्ये, मग मांडणीवर. मागच्या खोलीत मशीन घरघरत होतं. त्याच्या गोल काचेआड फेसातून काहीतरी हिरवं वर आलं, काचेला टेकलं, पुन्हा खाली गेलं.

"थांबवा," ती म्हणाली.

त्याने चटकन बटण दाबलं. मशीन उसासा टाकून थांबलं. दार उघडल्यावर साबणाचा स्वच्छ, उत्साही, कुणाचाच नसलेला वास बाहेर आला.

ती तिथेच कपड्यांच्या गाठोड्यावर बसली. रडली नाही. रडायलाही कंबरेत जोर लागतो.

"चुकीचा ढीग?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा आता अभ्र्यासारखाच पांढरा झाला होता.

"त्यात ती होती," ती म्हणाली. "बाकी सगळी खोकी नेली असतीत तरी चाललं असतं. मीच बांधली होती ना तुमच्यासाठी..."

'माफ करा' म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण ते शब्द फार लहान वाटले. त्याऐवजी तो समोर उकिडवा बसला. "कसला वास होता? सांगा मला. एकेक सांगा."

"कशाला?"

"सांगा तर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खोलीत हजर. खिशांतून एवढ्याशा बाटल्या निघाल्या, कागदाच्या पुड्या निघाल्या. एका चिंधीवर त्याने शिलाईमशीनचं तेल टाकलं, खडू चोळला, नीलगिरीचे थेंब सोडले, वर गरम इस्त्री टेकवली आणि चिंधी तिच्यासमोर धरली.

तिने डोळे मिटले. हुंगलं.

"नाही. हे सायकलचं दुकान."

"हे?"

"हा माझा दवाखाना."

"आणि हे?"

"हे..." तिने पुन्हा हुंगलं. "हे कोण आहे माहीत नाही, पण मावशीचं याच्याशी एक दिवस पटलं नसतं."

तो हिरमुसला. "उद्या दुसरं तेल आणतो. जुन्या पद्धतीचं. एक म्हातारा घड्याळजी वापरतो म्हणे."

"उद्या मी दमलेली असेन."

"मीही असेन. तसंच बसू."

आणि तसेच ते बसू लागले. रोज संध्याकाळी ती जबड्यांतून सुटून यायची, तो कपाटांखालून सुटून यायचा. समोरासमोर दोन खोक्यांना टेकून बसायचे, मध्ये चिंध्या मांडलेल्या. तो एकेक पुढे करायचा, ती एकेक नाकारायची. नाकारता नाकारता मावशीच्या गोष्टी सांगायची... मावशी टाचण्या ओठांत धरून भांडायची, त्यामुळे भांडणात कुणाला तिचा शब्द कळायचा नाही आणि तीच जिंकायची. मावशीने तिच्या शाळेच्या गणवेशाला राजकन्येच्या झग्याचं उरलेलं अस्तर लावलं होतं, म्हणून ती गणिताच्या तासाला मुद्दाम बाही दुमडून बसायची. तो ऐकायचा. कधी ऐकता ऐकता त्याचा डोळा लागायचा. मग ती आवाज बारीक करायची, पण सांगणं थांबवायची नाही.

"मी झोपलो नव्हतो," तो जागा होऊन म्हणायचा.

"मग घोरत कोण होतं?"

"ते कपाट. चौथ्या मजल्यावरचं."

मामाचा फोन यायचा. "अगं, किती राहिलंय अजून?" ती खोलीभर नजर फिरवायची. दुकानदार, चिंध्या, न हललेली खोकी. "थोडंसं," म्हणायची.

महिना संपत आला. खोल्या सोडायच्या आदल्या संध्याकाळी त्याने शेवटची चिंधी पुढे केली. गेले तीन-चार दिवस तो या वासासाठी कुठे कुठे हिंडला होता. तिने डोळे मिटून हुंगलं. आणि डोळे मिटलेलेच ठेवले, बराच वेळ.

"जुळला?" त्याने श्वास रोखून विचारलं.

"माहीत नाही." ती म्हणाली. "इतके वास हुंगले, की आता खरा कसा होता तेच... तेच नीट आठवत नाही मला."

त्याने चिंध्या गोळा केल्या. खिडकी उघडली. बाहेर पावसाची भुरभुर होती, गार वारा आत आला आणि मावशीच्या खोलीत त्या संध्याकाळी कसलाच वास उरला नाही.

ती रडली. पहिल्यांदा, मोकळी, बिनआवाजाची. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि खुर्चीवरचा स्वेटर उचलला. धुतलेला, घडी केलेला, दुकानदाराने शरमेने तीनदा इस्त्री केलेला. एरवी तिने तो पिशवीत बंद करून कपाटाच्या तळाशी ठेवला असता. वर्षातून एकदा पिशवी उघडायची, भीत भीत हुंगायचं, पुन्हा बांधायची. अंगात घालायचं तर धाडसच झालं नसतं.

थंडी वाजत होती. तिने तो अंगात घातला. बाह्या आखूड, खांदे सैल. पण ऊब भरपूर.

"कसा दिसतोय?"

तो बघत राहिला. "बसतोय," एवढंच म्हणाला. मग कान लाल करून खोकी मोजायला लागला, आणि त्याचे आकडे चुकले.

"अभ्रा आणि मफलरही न्या," ती म्हणाली. "धुतलेलंच आहे. टाचण्या नाटकवाल्यांना देऊ. चला, उचला."

शेवटचं खोकं जड होतं. एका बाजूने त्याने धरलं, दुसऱ्या बाजूने तिने. तो खालच्या पायरीवर, उलटा उतरत; ती वर, त्याच्या तोंडासमोर. मध्ये पडद्यांचं खोकं.

पहिल्या वळणावर तो थांबला. "एक सांगू?"

"खाली ठेवून सांगा."

"नाही. हातात आहे तोवरच सांगतो. हात मोकळे झाले की मला काही सुधरत नाही." त्याने खोकं जरा वर सावरलं. "वास जुळणार नाही, हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. आयुष्यभर कपडे धुतोय मी. गेलेला वास येत नसतो."

खोक्याच्या कडेवरून तिचे डोळे तेवढे दिसत होते, रडून सुजलेले.

"मग रोज का येत होता?"

"पाणी छान होतं ना..."

"अहो, खरं सांगा. हात भरून आलेत माझे."

"तुम्हाला बघायला," तो म्हणाला. एका दमात, जिना चढल्यासारखा. "मी चूक केली, आणि त्या चुकीमुळे तुमच्याकडे यायला मिळालं. याची मला इतके दिवस लाज वाटतेय. पण उद्या खोल्या रिकाम्या. आता कुठल्या तोंडाने येऊ?"

तिने खोक्यावर हनुवटी टेकवली. दमलेलं माणूस टेकवतं तशी.

"मलाही ठाऊक होतं," ती म्हणाली. "जुळणार नाही ते."

"कधीपासून?"

"तुम्ही घड्याळजीचं तेल आणलंत तेव्हापासून. म्हटलं, नाही म्हणत राहिलं की माणूस उद्या पुन्हा येतो... तर म्हणत राहिले."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं, डोकावलं, आणि हे प्रकरण लांबणारं दिसताच पुन्हा लावून घेतलं.

"मग उद्या?" त्याने विचारलं.

"उद्या माझ्या घरी या. तळमजला आहे, धापा टाकायचं काम नाही. सामान न्यायचं नाही, काही आणायचंही नाही. बिनकामाचे या."

"बिनकामाचा येईन," तो म्हणाला. आणि दोघेही त्या वळणावर, हातांतलं जड खोकं खाली ठेवायचं विसरून, तसेच उभे राहिले... इतका वेळ, की चौथ्या मजल्यावरची माणसं जिना मोकळा होण्याची वाट बघत पायऱ्यांवर बसून राहिली, आणि त्यांपैकी कुणाचीही त्यांना हटकायची छाती झाली नाही.