पाच टक्क्यांच्या आत

ती लिफ्टमध्ये शिरली तेव्हा आत तो एकटाच होता. फोनमध्ये बघून पुटपुटत होता, "हवेचा दाब... एक हजार तेरा."

पाऊस पडेल का, ऊन किती, हे बघणारे तिने पुष्कळ पाहिले होते. दाब बघणारा हा पहिलाच. कोण असेल — आणि याला दाबाचं काय एवढं पडलंय?

दहा मिनिटांनी ऑपरेशन थिएटरशेजारच्या तिच्या मोजणीच्या खोलीत तोच उभा. महिनाभरासाठी आलेला भौतिकशास्त्रज्ञ, समुद्रकाठच्या हॉस्पिटलातून थेट या डोंगरावर.

"तुम्ही... लिफ्टमधल्या," तो म्हणाला.

"आणि तुम्ही दाबवाले," ती हसली.

शेजारी थिएटरात टेबलावर एक म्हातारे घड्याळजी होते. त्यांच्या प्रोस्टेटच्या गाठीत तांदळाच्या कणीएवढ्या किरणोत्सारी बिया पेरायच्या होत्या. त्याआधी काही बिया विहिरीसारख्या खोल यंत्रात सोडून त्यांची ताकद मोजायची — दोघांनी, वेगवेगळी, एकमेकांना न दाखवता. फरक पाच टक्क्यांच्या आत हवा. नाहीतर काम थांबवायचं.

लांब चिमट्याने त्याने बी उचललं, झोपलेलं पाखरू उचलावं तसं. ती बघत राहिली... मग भानावर येऊन स्वतःचा आकडा लिहिला.

चिठ्ठ्या उघडल्या. त्याचा आकडा सात टक्क्यांनी कमी.

"मी दोनदा तपासलंय," तो हळूच म्हणाला.

"मी तीनदा."

डॉक्टरीणबाई दारातून डोकावल्या. "काय गं काटेकोर, पेरणी कधी? घड्याळजींना भूल चढलीय."

"पाच मिनिटं द्या, बाई."

बिया खरंच कमजोर असतील तर गाठ उरेल. नसतील आणि उगाच जास्त पेरल्या, तर चांगला भाग भाजेल. तिने क्षणभर डोळे मिटले, आणि तिला लिफ्ट आठवली.

"दाब फोनवरचाच घेतलात?"

"हो. तिकडे रोज तोच घ्यायचो."

"तो समुद्रसपाटीचा हिशेब धरून सांगतात. आपण डोंगरावर आहोत. इथली हवा विरळ असते, म्हणून यंत्र आकडा कमी दाखवतं; इथला खरा दाब धरला की तो भरून निघतो." तिने भिंतीवरच्या दाबमापकाकडे बोट दाखवलं.

त्याने पुन्हा गणित मांडलं. कान लाल झाले. फरक उरला अर्धा टक्का. बिया ठणठणीत होत्या.

"या चुकीसाठी आजच घरी पाठवणार ना मला?" त्याने विचारलं.

"महिना आहे की अजून," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

महिना कसा सरला कळलं नाही. तो रोज सकाळी आधी दाबमापक बघायचा, मग तिचा चेहरा. तिच्या रोजच्या प्रार्थनेत एक नाव वाढलं होतं. पण तो राहील का — हे विचारायला जीभ रेटेना.

शेवटच्या दिवशी त्याने दोन कोऱ्या चिठ्ठ्या पुढे केल्या.

"इथली जागा कायमची देतायत मला. पण प्रश्न जागेचा नाही... तुमच्यासोबत किती वर्षं, ते दोघांनी लिहायचं. वेगवेगळं. न बघता."

तिने पाठ फिरवली. आकडा लिहिला.

चिठ्ठ्या उघडल्या. त्याची — तीस. तिची — चाळीस.

तिने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. "एवढा फरक चालत नाही. कुणाचं तरी चुकलंय."

"तुमचं?"

"मी तीनदा तपासलंय."

"मग माझंच," तो म्हणाला, आणि पेन उघडलं. "पुन्हा समुद्रसपाटीचा हिशेब धरला वाटतं."

त्याने तीस खोडून चाळीस केले.