बोअरजवळची शिळा

पालेगावात राहायला आल्यावर पहिल्या महिन्यातच मी बोअरच्या पाण्याशी भांडणं सोडून दिलं. त्या पाण्याने काहीही धुवा, वाळलं की त्यावर पांढरा थर. काळा तवा, नळाची तोटी, माझ्या लेकीची, चिमीची निळी बादली, सगळं पीठ शिंपडल्यासारखं दिसायचं. घासून जायचं नाही. माझा नवरा धम्मदीप म्हणायचा, "सायकलने दहा मिनिटांत आनंदनगर, कंपनीच्या गेटवर. अजून काय पाहिजे तुला?"

चाळ गोजरबाईंची. ओळीने चार खोल्या, मागे अंगण, अंगणात बोअर आणि जमिनीत बांधलेली पाण्याची टाकी, तिच्यावर पत्र्याचं झाकण. २००६ साल होतं. लोडशेडिंगमुळे लाइट दुपारी कधी येईल त्याचा नेम नव्हता. आला की ज्या बाईची पाळी तिने झाकण सरकवून पाणी किती आहे ते बघायचं, मोटर लावायची आणि झाकण परत बसवायचं. मी ते दोनदा बसवायची. चिमी तीन वर्षांची होती. मी दिवसभर एकच वाक्य बोलत असणार, "झाकण लावलं का?"

टाकीपासून दहा पावलांवर कपडे धुवायचा दगड होता. चांगला पुरुषभर लांब. पिढ्यान्‌पिढ्या कपडे आपटून गुळगुळीत झालेला. मार्चमध्ये बोअरची पाइपलाइन बदलायला माणसं आली. दगड आडवा येत होता म्हणून त्यांनी पहारीने उचलून भिंतीला उभा टेकवला. आणि खालची बाजू समोर आली.

एक हात होता. कोपरात वाकलेला, तळवा उघडा, मनगटात बांगड्या. वर चंद्र-सूर्य कोरलेले.

मी उल्हासनगरच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. केलंय. आमच्या बाईंनी एकदा सगळ्या वर्गाला अंबरनाथच्या शिवमंदिरात नेलं होतं आणि येताना अशीच एक शिळा दाखवली होती. सतीशिळा. नवऱ्यामागे चितेवर चढवलेल्या बाईची खूण. जळताना सगळं जातं, सौभाग्याचा हात राहतो, म्हणून हात. तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं. आता तो हात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभा होता.

गोजरबाई हळदकुंकू घेऊन आल्या, दगडाला लावलं आणि मला म्हणाल्या, "तू नको लावू. तुमच्यान चालत नाय ना?"

"नाही चालत, आजी," मी म्हटलं. "पण हा पालथा कोणी घातला होता?"

"माझे सासूचे सासूनी." त्या पदराला बोटं पुसत राहिल्या. "पोरां तिच्याजवलच जाऊन बसायची गो. घरान यायची नाय."

"मग?"

"मग काय? घातली पालथी."

चिमी दुसऱ्या दिवसापासून तिथे बसायला लागली. दगडाला पाठ टेकून, पाय पसरून, बडबडत. मी हाक मारली की येत नसे. उन्हाचं बाहेर काय बसतेस म्हणून एकदा उचलायला गेले, तर दगडाला माझा दंड लागला आणि चटका बसला. एप्रिलचं ऊन, काळा दगड, तापणारच. पण चिमीने माझं बोट धरून त्या कोरलेल्या तळव्यावर ठेवलं. तो गार होता. माठासारखा गार.

सावली पडत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तिथे सावली पडत नव्हती.

"कोणाशी बोलतेस गं?"

"ताईशी."

"काय म्हणते ताई?"

"ती विचारते, झाकण लावलं का?"

मी हसले. माझंच वाक्य पोरीने उचललं होतं. पण रात्री धम्मदीपला सांगताना मला हसू आलं नाही.

"अगं, दगड आहे तो," तो म्हणाला. "तू बी.ए. झालीस ना? गोजरबाईच्या लाइनला लागलीस काय?"

"मी पूजा करा म्हणत नाहीये. तिचा हात धरून बसते रे आपली पोरगी. जाळलेल्या बाईचा हात. मला नाही बघवत."

तो उठून बसला. मग म्हणाला, "रविवारी शिफ्टमधले चौघे आणतो. पालथा घालून टाकू. खूश?"

शनिवारी लाइट सव्वाबारालाच आला. पाळी माझी होती. मी झाकण सरकवलं, पाणी वाकून बघितलं. काठापासून हातभर खाली. मोटरचं बटण आमच्या खोलीत. आत पळाले, बटण दाबलं, आणि लाइट आहे तोवर वाटण करून घ्यावं म्हणून मिक्सर लावला.

मी. दोनदा झाकण बसवणारी मी.

मिक्सर थांबला तेव्हा बाहेर मोटरची घरघर होती आणि टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज. बडबड नव्हती.

मी बाहेर आले. झाकण अर्धं बाजूला. पाण्यावर लाल सँडल तरंगत होती. एकच.

मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. गुडघ्यांवर बसले. पाण्यात हात घातला. खांद्यापर्यंत घातला. बोटांना काही लागलं नाही. उडी मारायला पदर खोचला.

मागे कोणीतरी खोकलं.

चिमी दगडाशी बसली होती. नखशिखांत भिजलेली. केसांतून पाणी गळत होतं. खोकली, ओकली, आणि मला बघून रडायला लागली.

मी तिला छातीशी धरलं. श्वास मोजले. हात, पाय, डोकं, सगळं चाचपलं. होती. आख्खी होती.

मग माझं लक्ष फरशीकडे गेलं. टाकीपासून दगडापर्यंत दहा पावलं. फरशी कोरडी ठणठणीत. एक थेंब नाही.

दगडही कोरडा होता. फक्त तो हात ओला होता. कोपराच्या जरा वरपर्यंत. कोपरावरून पाणी टपकत होतं.

गोजरबाई धावत आल्या. त्यांनी झाकण बघितलं, पोर बघितली, दगडाकडे बघितलं. आत जाऊन मोटर बंद केली आणि रिक्षा बोलावली.

अंबरनाथला डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला. पाणी गेलेलं नव्हतं. "मनगटावर वळ उठलेत," ते म्हणाले. "चांगलं घट्ट धरलं होतं तुम्ही, म्हणून वाचली. तुम्हीच काढलं ना?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

त्या रात्री मी खूप दिवसांनी गाढ झोपले.

रविवारी सकाळी धम्मदीप चौघांना घेऊन आला. पहारी होत्या, दोर होता.

"राहू दे," मी म्हटलं.

"अगं, तूच म्हणालीस ना?"

"राहू दे म्हटलं ना. त्यांना चहा देते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पहार भिंतीला लावली आणि त्या लोकांना म्हणाला, "बसा रे. मॅडमचा मूड चेंज झाला."

चहा झाल्यावर मी फडकं ओलं करून दगडापाशी गेले. हातावरचं पाणी वाळून थर बसला होता. नेहमीचाच, आमच्या बोअरचा. बोटांवर, बांगड्यांवर, कोपराच्या जरा वरपर्यंत, आणि तिथे सरळ रेघ मारल्यासारखा थांबलेला. बाकीचा दगड काळाच.

पुसायला म्हणून मी फडकं टेकवलं आणि थांबले.

उघड्या तळव्यातही थर होता. फक्त मधोमध चार आखूड रेघा काळ्या राहिल्या होत्या, बाजूला पाचवी. हात पाण्यात असताना कोणीतरी तिथे घट्ट धरून ठेवलं होतं, म्हणून तिथे पाणी पोचलंच नव्हतं.

मी माझं बोट त्यातल्या एका रेघेवर ठेवलं. बोट जाड पडलं. चिमीचं बरोबर बसलं असतं.