तीन नंबरची साक्ष

१९८३ सालची गोष्ट. तेव्हा अतिदक्षता विभाग म्हणजे सहा खाटा, श्वासाची दोन मशीनं आणि भिंतीवर एक मोठं घड्याळ. मशीनपेक्षा सिस्टरच्या कानांवर भरवसा जास्त.

त्या सकाळी धाकटी सिस्टर ड्यूटीवर आली, तर तीन नंबरचं मशीन घोगरं वाजत होतं. धाकटी म्हणजे वयाने चोवीस आणि नोकरीने दीड वर्षाची. तीन नंबरला होत्या मास्तरीणबाई, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. नसांच्या आजाराने आधी पायांतलं बळ गेलं, मग हातांतलं, मग छातीतलं. गळ्यात नळी, त्यामुळे बोलणं बंद. शुद्ध मात्र लख्ख होती. हलत होत्या त्या फक्त पापण्या. एकदा मिटल्या की ‘हो’, दोनदा मिटल्या की ‘नाही’. आजार उतरेल, असं डॉक्टर म्हणत. पण तोवर श्वास कुणीतरी द्यायला हवा होता.

रात्रपाळीची सिस्टर नोंदी वाचून दाखवत होती, तेवढ्यात मशीनने एक लांब उसासा टाकला आणि ते गप्प झालं.

धाकटीने क्षणात नळी सोडवली, हाताने श्वास द्यायची रबरी बॅग जोडली आणि दाबली. “बाई, मी आहे. घाबरायचं नाही.”

दुसरं मशीन पाच नंबरच्या आजोबांना लावलेलं होतं.

“मेकॅनिकला फोन करा!” मोठ्या सिस्टर कडाडल्या आणि धाकटीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “तू फक्त आपला श्वास सांभाळ. तू घेशील तेव्हा बाईंना दे. मिनिटाला चौदा.”

मोठ्या सिस्टरनी सगळ्या मुलींना असंच शिकवलं होतं. घड्याळ चुकेल, आपली छाती चुकणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

नऊच्या सुमाराला दार ढकलून एक उंच तरुण आत घुसला. हातात हत्यारांची पेटी, कपाळावर घाम.

“बूट बाहेर!” धाकटी ओरडली.

तो दचकून मागे गेला आणि मोज्यांवर परत आला. डावा अंगठा मोज्यातून डोकावत होता.

“आता येऊ का, सिस्टर?”

“मोजा फाटलाय तुमचा.”

“फाटलेला नाही, हवेशीर आहे.”

तिला हसू आलं, ते तिने दाबलं. बॅगेबरोबर.

त्याने मशीन उघडलं, हात आत घालून चाचपलं, आणि त्याचा चेहरा उतरला. “झडपेचा पडदा गेलाय. बिस्किटाएवढं रबर असतं. कंपनीकडून यायला पाच दिवस लागतील.”

“पाच दिवस? आमचे हात काय लोखंडाचे आहेत?”

“लोखंडाचे दिसत तर नाहीत…” तो म्हणाला आणि बघतच राहिला.

अकरा वाजता मोठ्या सिस्टरनी बॅग घेतली, धाकटी चहा पिऊन आली, पुन्हा उभी राहिली. तो खाटेच्या पलीकडे जमिनीवर झडप उलगडून बसला होता.

“तुम्ही काही खाल्लंत का?”

“तुम्ही झडपेकडे बघा.”

“बघतोय की. मधूनमधून.”

“मधूनमधून कुठे बघता, ते दिसतंय मला.”

“म्हणजे तुम्हीही बघताय—”

तिची कानशिलं तापली. छाती धडधडू लागली, श्वास भराभर चालला… आणि बोटंही. एकाएकी मास्तरीणबाईंच्या पापण्या मिटल्या. दोनदा. पुन्हा दोनदा. पुन्हा!

“काय होतंय बाई? दुखतंय? नळी टोचते? …चक्कर येते?”

हो.

खांद्यावर मोठ्या सिस्टरचा हात पडला. “मिनिटाला चोवीस चाललेत तुझे. बाईंना काय डोंगर चढायला लावतेस?” त्यांनी बॅग काढून घेतली. “हात धू. आणि घड्याळाकडे बघायला शीक.”

बेसिनपाशी तिने हात दोनदा धुतले. जी छाती कधी चुकत नाही म्हणून शिकवलं होतं, तीच आज चुकली होती. बाईंना काही झालं असतं तर?

परत आल्यावर ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही माझ्या समोर बसू नका.”

“का?”

“पेशंटला त्रास होतो.”

“पेशंटला?”

“हो! पेशंटला!”

तो उठला आणि निघून गेला. दुपारी दोनला आला तो गरम पाण्याची नवीकोरी रबरी पिशवी घेऊन. पडद्याआड बसून त्याने ती कापली. तीन चकत्या वाया गेल्या. चौथी चार वाजता झडपेत बसली.

डॉक्टर आले. “लावून बघू.”

मास्तरीणबाईंनी पापण्या मिटल्या. दोनदा. डोळ्यांत भीती दाटली होती. त्या मशीनने सकाळी त्यांचा श्वास अर्ध्यावर सोडला होता.

धाकटी वाकली. “बाई, सकाळी माझंही चुकलं. पण आता मी बॅग हातात धरून इथेच उभी राहते. चालेल?”

घड्याळाचा काटा सरकत राहिला. मग पापण्या एकदाच मिटल्या.

मशीन सुरू झालं. छाती वर, खाली… सात… आठ… अकराव्या श्वासाला झडप अडकली.

“थांबा, एक सेकंद!” तो ओरडला.

ती थांबली नाही. नळी निघाली, बॅग लागली, श्वास गेला. त्याने घाईघाईने स्क्रू अर्धा फेरा सैल केला. पुन्हा लावलं. या वेळी अकरा झाले, वीस झाले, शंभर झाले.

“मी थांबा म्हणालो होतो,” तो घाम पुसत म्हणाला.

“ऐकलं मी.”

“बरोबर केलंत.”

एवढंच. ना फुशारकी, ना थट्टा. आणि त्या दोन शब्दांनी मात्र ती पुरती विरघळली.

खरा पडदा येईपर्यंत पाच दिवस तो तिथेच होता, मशीनला कान लावून. शेवटच्या दिवशी पेटी बंद करून तो मास्तरीणबाईंच्या उशाशी आला. धाकटी त्यांचे केस विंचरत होती.

“बाई, उद्या मी दुसऱ्या गावी चाललो. सिस्टरना विचारायचा धीर होत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. यांचं कुठे ठरलंय का?”

“ठरलंय!” धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

मास्तरीणबाईंच्या पापण्या मिटल्या. ठळकपणे, दोनदा.

“बाई! विश्वासाने सांगितलं होतं मी तुम्हाला!” रोज केस विंचरताना ती त्यांना सगळं सांगायची. वडिलांनी आणलेलं स्थळ तिने कसं परतवलं, तेसुद्धा.

त्याला हसू आवरेना. “मग मी पत्र लिहिलं तर उत्तर येईल?”

आता मात्र मास्तरीणबाईंनी पापणी हलवली नाही. त्या धाकटीकडे रोखून बघत राहिल्या, वर्गात उत्तराची वाट पाहत उभ्या असल्यासारख्या.

हातातला कंगवा थांबला. मशीन श्वास देत होतं… एक… दोन… तीन…

मग धाकटीने त्याच्याकडे पाहिलं, आणि पापण्या मिटल्या. एकदाच.

मास्तरीणबाई दोन महिन्यांनी मशीनवरून सुटल्या, वर्षभराने काठी टेकत शाळेत गेल्या. लग्नात त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि भेटेल त्याला सांगत होत्या, “होकार आधी माझ्या कोर्टात आला होता!” पुढे सव्वीस वर्षं जगल्या. मोठ्या सिस्टर निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेल्या आणि शेवटपर्यंत पत्राखाली ‘मिनिटाला चौदा’ असं लिहीत राहिल्या. ते मशीन भंगारात गेलं. रबराची चौथी चकती धाकटीच्या कपाटात आहे, कडक होऊन तडकलेली.

गेल्या वर्षी मेकॅनिकलाच अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. हृदयाचं दुखणं. आता तिथे स्क्रीनच स्क्रीन, आकडेच आकडे. धाकटी, आता सत्तरीकडे झुकलेली, त्याच्या छातीकडे टक लावून बसली होती. एक कोवळी सिस्टर तिच्यापाशी आली.

“आजी, किती भराभर श्वास घेताय तुम्ही! आजोबा ठीक आहेत हो.”

खाटेवरून क्षीण आवाज आला, “त्यांना सांगून उपयोग नाही, सिस्टर. मी समोर असलो की असंच होतं.”

आठ दिवसांनी तो घरी आला. आल्या आल्या तिने त्याला दारातच अडवलं आणि बूट बाहेर काढायला लावले.