दाराकडे वळलेला बाक

दिवा राहू दे, विझवू नकोस. सांगते.

आईचा चष्मा आणायला गेले होते, एवढंच. भुतंखेतं बघायची हौस मला कधीच नव्हती. दिवसभर पावाच्या दुकानात उभं राहणाऱ्या बाईला घरी जाऊन पाय वर करून बसायचीच हौस असते. पण आई जाऊन महिना झाला होता आणि तिचा चष्मा चर्चच्या चॅपेलमध्येच राहिला होता. त्या दुपारी दुकान बंद होतं, म्हटलं घेऊन यावा.

तुला आमची रीत माहीत नसेल. आठवड्यातून एकदा दुपारभर वेदीवर सोनेरी किरणांचं एक पात्र मांडतात. त्याच्या मधोमध काच आणि काचेमागे मिस्साच्या उपासनेत पवित्र झालेली पांढरी, गोल भाकर. ती आमच्यासाठी भाकर उरलेली नसते, आमचा प्रभू स्वतः असतो. त्याच्यासमोर बसायचं, काही मागायचं असेल तर मागायचं, नाहीतर नुसतं बघत राहायचं. फक्त त्याला एकटं सोडायचं नाही. मरणाच्या आदल्या रात्री त्याचे मित्र झोपून गेले होते, ते आम्ही अजून फेडतोय. प्रत्येकाचा तास ठरलेला असतो. पुढचं माणूस येऊन 'मी आले, तू जा' म्हणेपर्यंत आधीच्याने उठायचं नाही.

आई उठली नाही. तिच्या पुढचा तास मावशीचा, म्हणजे तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा. छातीत कळ आली तेव्हा आईला बाहेर जाऊन कुणाला तरी हाक मारता आली असती. ती मावशीची वाट बघत बसली आणि मावशी उगवली दिवेलागणीला. 'काय भाग्याचं मरण, त्याच्या पायाशी गेली!' असं सगळे म्हणाले, मावशी सगळ्यांत मोठ्याने. आईला उचलणाऱ्या चर्चच्या माळ्याने मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, त्यांचं तोंड वेदीकडे नव्हतं. दाराकडे होतं."

तर, मी चॅपेलमध्ये गेले. आत एक म्हाताऱ्या नर्सबाई बसल्या होत्या. मला बघून त्यांना हायसं वाटलं. "बरं झालं आलीस. माझा तास संपलाय आणि मला डॉक्टरकडे जायचंय. तुझी मावशी येईलच, तोवर बस." आणि गेल्यासुद्धा. म्हणजे मी अडकले, मावशीची वाट बघत, आईसारखीच.

बाहेर ऊन होतं, पण आत पडदे ओढलेले. मेणाचा आणि सुकत चाललेल्या फुलांचा वास कोंडला होता. सगळ्यांत मागे गुडघे टेकायचा एक छोटा बाक होता, दाराकडे तोंड केलेला. त्यावर चष्मा होता. चष्मा पिशवीत टाकला, बाक वेदीकडे वळवला आणि पुढे जाऊन बसले. थोड्या वेळाने मागे लाकूड करकरलं. वळून पाहिलं तर बाक पुन्हा दाराकडे. मग वास आला, आई गुडघ्यांना चोळायची त्या बामाचा.

मला पळायचं होतं. पण समोर तो होता, आणि लहानपणापासून हाडात मुरलेला नियम. आईच्या जिवावर उठलेला तोच नियम! मी दात आवळून बसून राहिले.

"कोण आलं?..." मागून, अगदी हळू, दमलेल्या माणसासारखं. "मी... जाऊ?"

"मी आलेय, आई. तू जा..."

"तू नको गं... ती येईल. येते म्हणालीय ती..."

भीती राहिली बाजूला, मला रडूच कोसळलं. मेल्यावरसुद्धा बहिणीचीच बाजू!

मावशी आली ती सावकाश. पावडरचा घमघमाट, केस नुकतेच बसवून घेतलेले. तिने दोन्ही गुडघे टेकून रीतसर नमन केलं. मी तिच्या कानाशी लागले. "मावशी, इथे आई..."

"जाऊ का म्हणून विचारते ना?" मावशी कुजबुजली. "दर आठवड्याला विचारते."

"मग तू काय सांगतेस?"

"काही नाही."

"अगं, 'मी आले, तू जा', एवढंच तर म्हणायचंय!"

मावशीने रुमालाने मान टिपली. "हे बघ बाळा, माझं वय झालं. कधी डोळा लागतो, कधी कामं निघतात. ती आहे म्हणून उशीर चालून जातो. त्याला एकटं सोडल्याचं पाप लागत नाही. तुझ्या आईला काय, सवय आहे."

सवय होतीच. जन्मभर हिची पोरं सांभाळली, हिच्या भानगडी निस्तरल्या, आणि आता मेल्यावरही वेठबिगारी. मी तिचा दंड धरून तिला त्या बाकासमोर उभी केली. "म्हण."

बाकाकडून आवाज आला, या वेळी आशेने. "आलीस?..."

मावशीने ओठ घट्ट मिटले, मान वळवली आणि जपमाळ काढली.

त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही. फादरना सांगितलं, तर म्हणाले दुःखात असे भास होतात. तरी त्यांनी तो बाक वेदीकडे तोंड करून जमिनीला स्क्रूने पक्का करून घेतला. पुढच्या आठवड्यात स्क्रू घट्टच होते आणि बाक दाराकडे होता.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं नाही. वाटलं, आता दोघी भेटतील, आता तरी मावशी 'तू जा' म्हणेल आणि माझी आई सुटेल. मावशीचा तास मी मागून घेतला. जाते, बसते. बामाचा वास येतो. 'मी जाऊ?' म्हणून ती विचारते, मी 'जा' म्हणते, आणि ती म्हणते, 'ती येईल.'

आणि नेमका तेव्हाच बाहेरच्या पायऱ्यांवरून पावडरचा वास येतो. उंबऱ्यापर्यंत येतो आणि माझा तास संपेपर्यंत तिथेच रेंगाळतो. आत मात्र येत नाही.