खड्ड्याची हवा

काम तसं रोजचंच होतं. दुपारच्या जेवणानंतर साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "नेटवर्क जड झालंय. बघ जरा."

ताई लॅपटॉप उघडून समोर बसली. कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत आणि तिच्या भावाला दादा. आता दादा नव्हता.

इथला कारभार एका मोठ्या कॉम्प्युटरवर नव्हता, जागोजागच्या लहान कंट्रोलरांत वाटलेला होता. एखाद्या स्क्रीनला मीटरचा आकडा हवा असला की ती सगळ्यांना विचारते, हे मीटर कुणाकडे आहे? ज्याच्याकडे असेल तो उत्तर देतो. कुणाकडेच नसेल तर ती हट्टी पोरासारखी विचारतच राहते, आणि नेटवर्क तुंबतं.

ताईने नेटवर्क तुंबवणारा प्रश्न पकडला आणि पुन्हा वाचला. खड्ड्याचं गॅस मीटर कुणाकडे आहे?

सांडपाण्याच्या त्याच खड्ड्यात दादा गेला होता. चौकशीत ठरलं, हवा न तपासता उतरला, चूक त्याचीच. वहिनीने ते शब्द गिळले, पण तिला ते कधी पचले नाहीत. कारण दादा स्वयंपाकघरात शिरतानाही उंबऱ्यावर थांबून विचारायचा, "गॅस बंद आहे ना गं?" सगळं घर त्याची टिंगल करायचं.

"कुठून येतंय?" साहेबांनी विचारलं.

"खड्ड्याजवळच्या स्क्रीनवरून."

"ती तर आपण काढून टाकली. केबलसुद्धा कापली."

"हो..."

एसीच्या गार हवेत सांडपाण्याचा वास मिसळला होता.

साहेब वैतागले. "शोधत कशाला बसतेस? त्या नावाचं खोटं मीटर बनव, आकडा शून्य ठेव. मागच्या वेळी मी तेच केलं, लगेच गप्प झालं."

ताईने मान वर केली. "मागच्या वेळी... म्हणजे कधी, साहेब?"

साहेबांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. मीटर बिघडलेलं होतं, काम थांबवायचं नव्हतं, म्हणून खड्ड्याच्या तोंडाशी उभ्या माणसाला यांनी शून्य कळवलं होतं. शून्य म्हणजे गॅस नाही, खुशाल उतर. दादाने विचारलं होतं. नेहमीसारखंच विचारलं होतं. आणि वर दोष मेलेल्याच्या माथी.

ताई हलली नाही. शेवटी साहेबांनीच लॅपटॉप ओढला आणि शून्य टाकलं. प्रश्न थांबला. लगेच स्क्रीनवर ओळ आली, खड्ड्याचं झाकण उघडलं.

"ते तर वेल्डिंग करून बंद केलंय..." साहेब म्हणाले.

मग नवा प्रश्न सुरू झाला. साहेबांच्या केबिनचं गॅस मीटर कुणाकडे आहे?

"इथे मीटर नाहीच. कधीच नव्हतं..."

"उंबऱ्यावर थांबलाय तो," ताई म्हणाली. तिला भीती वाटत नव्हती, नुसता संताप येत होता. "शून्य द्या ना, साहेब. लगेच गप्प होईल."

साहेबांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. ताईचे मांडीवर होते.

प्रश्न थांबला. कुणीतरी उत्तर दिलं होतं, शून्य.

दाराबाहेरच्या पायपुसण्यावर कुणीतरी सावकाश ओले बूट पुसत होतं.