बैठकीला आलेली होडी

ही गोष्ट रंगवून सांगायची मला हौस नाही. ज्याला खोटी वाटेल त्याने इथूनच परत फिरावं.

ज्याच्यासोबत घडली तो धम्मरत्न माझा सख्खा मावसभाऊ. भूत, करणी, अंगारा असलं काही त्याच्यासमोर काढलं, की तो समोरच्याला धुऊन काढतो. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस. तो मान खाली घालून हे सांगायला लागला, तेव्हा चेष्टा करायची माझी हिंमत झाली नाही.

मागच्या हिवाळ्यातली संध्याकाळ. संक्रांत नुकतीच झाली होती. जानेफळकडून आत गेलं की एक धरण लागतं. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांचं पोट त्या पाण्यावर आहे.

धम्मरत्न आणि त्याचा धाकटा भाऊ संघर्ष तिथे मासे धरतात. दोघांच्या दोन होड्या. वारा असला की शीड, नसला की वल्हं. आणि शीड कशाचं? जुन्या फ्लेक्सचं! चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स उतरला, की दुसऱ्या दिवशी तो धरणावर फुगलेला दिसतो. गॉगल लावलेले भावी सरपंच पाण्यावरून फिरताना पाहिले की हसू आवरत नाही.

या धरणाच्या पोटात बुडालेल्या बाभळींची खोडं अजून उभी आहेत. धुक्यात होडी त्यांच्यावर गेली, की तळ फाटलाच समजा. म्हणून धुकं उतरलं की धरणावरचे सगळे होडीवाले 'बैठक' करतात. मोकळ्या पाण्यात त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर हिंमतराव काका जात्याचा दगड नांगर म्हणून सोडतात. बाकीचे दोन्ही बाजूंनी आपापल्या होड्या त्यांच्या होडीला बांधत जातात. मध्ये जुने टायर. शिडं खाली. मग भाकरी, ठेचा आणि गप्पा, धुकं विरेपर्यंत.

बैठकीचा नियम एकच. धुक्यातून कोणी 'दोर घे' म्हटलं, की दोर घ्यायचा. कोण आहे म्हणून विचारायचं नाही. अडकलेल्या माणसाला नाव विचारणं तिथे अपमान समजतात.

त्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. दिवस मावळायच्या आतच धुकं आलं.

बैठक बसली. धम्मरत्न सगळ्यात कडेला होता.

संघर्ष आला नव्हता.

माघात त्याचं लग्न ठरलेलं. पोहता येत होतं त्याला, पण बाभळीत होडी फुटून जाळ्यात पाय अडकला तर कसलं पोहणं? धम्मरत्नच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती.

आणि मग धुक्यातून...

"दादा... दोर घे."

धम्मरत्नचा जीव भांड्यात पडला. दोर त्याच्या मांडीवर येऊन पडला. त्याने पटकन खुंटीला गुंडाळला.

"काऊन उशीर केला बे? इथं माह्या जीव चालला होता!"



होडी अगदी जवळ आली. पण टायर दबल्याचा आवाज आला नाही. लाकडाला लाकूड घासलं नाही. पाणीसुद्धा हललं नाही...

आणि शीड वरच होतं.

"शीड उतरव ना. झोपला काय?"

वारा नावालाही नव्हता.

तरी ते शीड फुगलेलं होतं.

तेवढ्यात... दुसऱ्या बाजूने. लांबून. बाभळींकडून.

"दादा! दोर घे ना रे दादा! मले काही दिसून नाही राह्यलं!"

तोच आवाज.

हिंमतराव काका हळूच म्हणाले, "धम्मा... तुले भाऊ एकच हाय ना?"

"हाव काका."

"मंग तू बांधलं कोनाले?"

धम्मरत्नने उत्तर द्यायच्या आत दोर ताणला गेला. तट्ट...

बैठक हलली.

खाली जात्याचा दगड तळावरून खरडत जात होता. त्याची थरथर सगळ्यांच्या पायांना जाणवली. सगळ्या होड्या एकदम ओढल्या जात होत्या, खोल पाण्याकडे. लोकांनी वल्ही मारली. काही उपयोग नाही. संघर्षची हाक मागे मागे पडत चालली होती.

"दोर काप!" काका ओरडले. "काप म्हन्तो ना!"

पण धम्मरत्नचा हात उठेना. बांधलेल्या होडीतच संघर्ष बेशुद्ध पडला असेल तर? आणि लांबची हाक खोटी असेल तर? आपल्याच हाताने भावाला सोडायचं?

त्याने मोबाईलची बॅटरी लावली.

होडी रिकामी होती. जाळं नाही, वल्हं नाही. माशाचं एक खवलं नाही.

उजेड वर सरकला. शिडावर...

फ्लेक्स कोरा करकरीत होता. झेंडूच्या फुलांची चौकट. मध्ये संघर्षचा हसरा फोटो. आणि वर मोठ्या अक्षरात...

भावपूर्ण श्रद्धांजली.

धम्मरत्नने जाळं कापायची सुरी काढली आणि दोरावर घासायला सुरुवात केली. साधा नायलॉनचा दोर, पण तुटेचना. आणि मग त्या रिकाम्या होडीतून, अगदी त्याच्या कानाशी...

"दादा... मले सोडून चालला?"

धम्मरत्न ढसाढसा रडायला लागला. रडत रडत कापत राहिला.

दोर तुटला. बैठक हिसका खाऊन थांबली. ती होडी मागच्या मागे धुक्यात गेली, फुगलेल्या शिडासकट.

मग सगळ्यांनी डबे वाजवले, बोंबा मारल्या. बऱ्याच वेळाने संघर्ष आवाजाच्या रोखाने आला. दोर फेकला. टायर करकरला. तो आवाज ऐकून धम्मरत्नला किती बरं वाटलं! त्याने आधी भावाच्या एक कानाखाली दिली, मग त्याला मिठीत घेतलं.

संघर्ष लटलट कापत होता. थंडीने असेल, असं सगळ्यांना वाटलं.

"दादा, आत्ता एक होडी माह्या अंगावरून गेली. शिडावर फोटो होता."

धम्मरत्नने त्याला मिठीतून सोडलं. "पाह्यला तू?"

"हाव." संघर्षने त्याचा हात घट्ट धरला. "तुह्या होता, दादा. हार घातलेला."

फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते. हे कोणालाही माहीत आहे.

बैठकीचा नियम हिंमतराव काकांनी बदलला नाही. "नाव इचारून काय फायदा?" ते म्हणतात. "ते नावही बराबर सांगन."

माघात संघर्षचं लग्न झालं. पण त्या दिवसापासून तो धम्मरत्नला पाण्यावर पाय ठेवू देत नाही. दादाच्या जिवाला धोका आहे, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. दोघांचे मासे तो एकटाच धरून आणतो.

"मी त्याले सांगतलं," धम्मरत्न मला म्हणाला. "माह्या बाजूनं तुह्या फोटो होता, म्हटलं. हात जोडले. तं म्हन्ते, मी तुले पाण्यावर जाऊ द्यावं म्हनून खोटं बोलून राह्यला तू."

आयुष्यभर खोटं न बोललेला माणूस. त्याचा हा एकच शब्द भाऊ खरा मानत नाही. मला त्याची दया येते.

आता पुन्हा हिवाळा आहे. धम्मरत्न रोज संध्याकाळी काठावर जाऊन उभा राहतो.

काल मी फोन केला तेव्हाही तो तिथेच होता. धुकं उतरलंय म्हणाला.

"संघर्ष आला का?" मी विचारलं.



"एक होडी येतांना दिसून राह्यली... जवळ आली का सांगतो तुले."

त्याने फोन ठेवला.

अजून त्याचा फोन आलेला नाही.